तीन शब्दांचं इंग्रजी

"उभी राहा आणि वाच," साहेब म्हणाले. "सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

सोमवार सकाळची मीटिंग. लांब टेबल, भोवती अकरा माणसं. मी टेबलाशी नव्हते. दाराजवळच्या स्टुलावर होते, कारण कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं काम माझं. साहेबांच्या हातात माझी वही होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या ड्रॉवरमधून त्यांनी ती काढून आणली होती. मला विचारलं नव्हतं. विचारायची गरज वाटली नसणार.

वहीच्या पहिल्या पानावर मी वर 'जय भीम' लिहिलं होतं आणि खाली आमच्या विहारातल्या इंग्रजीच्या क्लासचं नाव. ते पान साहेबांनी मला वाचायला लावलं नाही. ते त्यांनी टेबलाभोवती नुसतं फिरवून दाखवलं. मग पुढचं पान उघडून वही माझ्या हातात दिली.

मी वाचायला लागले.

"टेक केअर ऑफ, काळजी घेणे. मेक यूज ऑफ, उपयोग करणे. पे अटेन्शन टू, लक्ष देणे."

पहिल्या ओळीला कुणी हसलं नाही. तिसऱ्या ओळीला स्टोअरचे साहेब रुमालात खोकले. "फाइंड फॉल्ट विथ, खोड काढणे" असं मी म्हणाले तेव्हा सगळं टेबल हसायला लागलं. "मेक फन ऑफ, चेष्टा करणे" ही ओळ आली तेव्हा आमच्या सीनियर स्टेनो मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून हसून.

"बघा," साहेब म्हणाले, "आपल्या ऑफिसात विलायत उघडलीय. असलं इंग्रजी सरकारी ऑफिसात खपतं. तिथं कोटा असतो. इथं काम लागतं."

मग त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. मीटिंग सुरू झाली. मी स्टुलावर बसले आणि त्यांचं बोलणं टिपून घेतलं.

एक गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. मी पण हसले होते. ते हसले म्हणून मी हसले. आपणच आपल्याला हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, असं वाटलं होतं. तसं काही नसतं. त्या दिवसाची मला आज जी लाज वाटते ती त्यांच्या हसण्याची नाही, माझ्या हसण्याची वाटते.

त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव 'टेक केअर' पडलं. "ए टेक केअर, फाइल आण." "टेक केअर, चहा सांग." बाकीच्या बायकांना साहेब मॅडम म्हणायचे, मला तू. दुपारी मॅडम लोकांचे डबे एका टेबलावर उघडायचे. भाजीची अदलाबदल चालायची. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी माझ्या टेबलावर खायचे, भिंतीकडे तोंड करून.

मग नोकरी का सोडली नाहीस, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरी बहुतेक दोन-तीन माणसं कमावती असतात. आमच्याकडे बाबांचे गुडघे गेले होते. आमची कंपनी होती त्याच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ते दुसऱ्या एका कारखान्यात वॉचमन होते आणि तो कारखाना बंद पडायच्या बेतात होता. धाकटा भाऊ दहावीत. मी बी.ए. झालेली, मराठी टायपिंग, इंग्रजी टायपिंग दोन्ही पास. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, कामगार खात्यात, टायपिस्ट. वस्तीत लोक मला बघून पोरींना सांगायचे, बघ, ती ऑफिसात जाते.

विहारातल्या क्लासचं सांगायला हवं, कारण साहेब ज्याला हसले ते इंग्रजी मला फुकट मिळालेलं नव्हतं.

आमचे गुरुजी शाळेतले गुरुजी नव्हेत. पोस्टमन होते. रिटायर झाल्यावर दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर पोरं गोळा करायचे. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. इंग्रजीचा एकेकटा शब्द पाठ करायचा नाही. "टेक म्हणजे घेणे, केअर म्हणजे काळजी, हे कुणालाही येतं," ते म्हणायचे. "पण साहेब लोक बोलतात ते तीन-तीन शब्द एकत्र बांधून. काड्या वेचू नका, मोळी उचला." ते तीन पोरं ओळीनं उभी करायचे. पहिल्यानं म्हणायचं टेक. दुसऱ्यानं केअर. तिसऱ्यानं ऑफ. मग बाकीच्या सगळ्यांनी एका दमात ओरडायचं, काळजी घेणे. टेक, पार्ट, इन. भाग घेणे. लूज, टच, विथ. संपर्क तुटणे. सेट, फायर, टू. आग लावणे. ही आमची सगळ्यात आवडती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू खिडकी लावून घ्यायच्या.

मी बारकी, म्हणून कायम तिसरी. माझ्या वाट्याला ऑफ, टू, विथ, फॉर असली चिल्लर यायची. पण तिसरा चुकला की तिघांनाही पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं, म्हणून ती चिल्लर मी कधी चुकले नाही. मुलाखतीला गेले तेव्हा या मोळ्यांवरच मी त्यांनी सांगितलेलं इंग्रजी पत्र लिहून दाखवलं आणि नोकरी मिळवली. वही मी ऑफिसात ठेवायचे ती उजळणीसाठी.

कप ठेवल्यानं तिच्या पुठ्ठ्यावर गोल डाग पडला. मी वही घरी नेली. पुन्हा ऑफिसात आणली नाही.

दीडेक वर्षानं टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. स्टेनो मॅडमना ते काही केल्या जमेना. मला जमलं. मग मेमो माझ्याकडे आले. मेमो म्हणजे कामगाराला द्यायचं समजपत्र. आधी साहेब सांगायचे आणि मी टाइप करायचे. मग साहेब नुसतं म्हणायला लागले, "त्या अमक्याला एक दे ठेवून," आणि मजकूर मीच करायचे. तुम्ही कामाकडे लक्ष देत नाही. पे अटेन्शन टू. तुम्ही सूचनांची दखल घेत नाही. टेक नोटिस ऑफ. तुम्ही गैरफायदा घेता. टेक ॲडव्हान्टेज ऑफ. ओट्यावर उन्हात उभं राहून आम्ही जे ओरडायचो, तेच सगळं. एकदा साहेब माझा मेमो वाचून "गुड" म्हणाले. मी घरी जाऊन आईला ते सांगितलं. आईनं शेजारी सांगितलं.

मेमो इंग्रजीत असायचा. ज्याला द्यायचा त्याला इंग्रजी यायचं नाही. तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा, हाताचं ऑइल पँटला पुसायचा आणि विचारायचा, "काय आहे?" मी म्हणायचे, "काही नाही, मिळाल्याची सही करा." हे वाक्य मला साहेबांनी शिकवलेलं. ते अगदी खोटंही नव्हतं. मिळाल्याचं खाली लिहिलेलंच असायचं. वर काय लिहिलंय ते मी सांगायचे नाही, एवढंच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला निदान आपण काय करतोय ते कळत नाही. मला कळत होतं आणि मी दर महिन्याला पगार घेत होते.

रंगनाथ त्यांच्यातलाच एक. दिंडोरीकडचा. चार वर्षं टेम्पररी होता. रोज पहिल्या एस.टी.नं यायचा. त्याची बायको दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला जायची. सीझनमध्ये मालकानं दिलेले दोन घड तो पेपरात गुंडाळून आणायचा आणि हजेरीचे कागद घ्यायला मी खाली शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या हॉलमध्ये, गेले की माझ्या हातात द्यायचा. "खा ताई. धुऊन खा पण, लय औषध मारत्यात." त्या कंपनीत मला कुणी काही खायला दिलं असेल तर त्यानं.

तो प्रेसवर होता. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं यंत्र. वरून लोखंडी ठोकळा येतो आणि खालच्या साच्यावर आदळतो. त्याला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बटणांवर, साच्याच्या बाहेर. ही झाली यंत्र बनवणाऱ्याची अक्कल. आमच्या शॉपची अक्कल वेगळी होती. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असायची, म्हणजे ते बटण कायमचं दाबलेलं. उजवा हात दुसऱ्या बटणावर आणि डावा मोकळा, पत्रा सरकवायला. नग भराभर निघतात. सुपरवायझर स्वतः हातोडी घेऊन पाचर ठोकायचे. नवीन माणूस आला की त्याला पहिली गोष्ट तीच दाखवायचे. मी रोज तिथून जायचे. रोज बघायचे. सगळेच बघायचे आणि मूग गिळून बसायचे.

रंगनाथ बसला नाही. एक दिवस तो सुपरवायझरना म्हणाला, "ही पाचर काढा साहेब. कुनाचा तरी हात जाईल." एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, त्याला एक दे. मी दिला. तुम्हाला वरिष्ठांच्या कामात खोड काढायची सवय आहे. तुम्ही सुरक्षेच्या सूचनांकडे लक्ष देत नाही. यापुढे काही घडल्यास जबाबदारी तुमची.

तो आला. त्या महिन्यात सगळ्यांना नवे सेफ्टी बूट मिळणार अशी बोलवा होती.

"ताई, बुटाचा कागद हाय का?"

"काही नाही, मिळाल्याची सही करा," मी म्हणाले.

त्यानं सही केली. मराठीत, एकेक अक्षर कोरून. मी कागद फाइलला लावला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीला पाच-दहा मिनिटं असताना, खालून ओरडा ऐकू आला. मी जिन्यावर गेले तोवर त्याला कंपनीच्या जीपमध्ये घातलं होतं. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मी शॉपमध्ये पोचले तेव्हा फरशीवर पाणी मारून झालं होतं. प्रेसचं डावं बटण स्वच्छ पुसलेलं, मोकळं. पाचर नव्हती. सुपरवायझर माझ्याकडे बघत होते आणि मी बटणाकडे बघत होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी त्यांनी मजकूर माझ्यावर सोडला नाही. स्वतः सांगत गेले. कागद रंगनाथच्या नावानं होता, म्हणजे रंगनाथ लिहून देतोय असा. मी यंत्राकडे लक्ष दिलं नाही. मला आधी मिळालेल्या समजपत्राची मी दखल घेतली नाही. सुपरवायझर नसल्याचा मी गैरफायदा घेतला. या अपघाताची पूर्ण जबाबदारी मी घेतो. टेक रिस्पॉन्सिबिलिटी फॉर. मी टाइप करत होते. बोटं आपोआप चालत होती.

"ह्याच्यावर त्याची सही घेऊन ये," साहेब म्हणाले. "सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आत फाइलमध्ये पाहिजे. तूच जा. तुम्ही लोक एकमेकांचं ऐकता."

रंगनाथ आमच्यातला नव्हता. पण साहेबांच्या लेखी गरीब तेवढे सगळे एकाच पोत्यातले.

"सर, त्याचा हात..." मी म्हणाले.

"डावा गेलाय ना? सहीचा हात चांगला आहे."

हे वाक्य त्यांनी पेनाचं टोपण लावता लावता म्हटलं. "विचारलं तर सांग, दवाखान्याच्या खर्चाचे कागद आहेत. मिळाल्याची सही."

मी रिक्षानं दवाखान्यात गेले. कंपनीनं पैसे दिले होते. कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, सोबत पेन आणि शाईचं पॅड, वेळ पडली तर अंगठ्यासाठी. मी काही ठरवून गेले नव्हते. खोटं कशाला बोलू. सही घ्यायची, परत यायचं, हेच डोक्यात होतं. नोकरी माझी होती, बोटं त्याची गेली होती, आणि जे गेलं ते काही मी सही न घेतल्यानं परत येणार नव्हतं. असं मी रिक्षात स्वतःला समजावत होते.

तो खाटेवर बसला होता. डाव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज, उशीवर ठेवलेलं. शेजारी त्याची बायको स्टुलावर. बागेतून तशीच आली होती, हात छाटणीनं रापलेले. मला बघून तिनं उठून स्टूल दिलं.

"ताई, तुम्ही आल्या," रंगनाथ म्हणाला. "बरं झालं."

मी फोल्डर उघडला. कागद काढला. पेन दिलं. त्यानं पेन घेतलं, उजव्या हातात. बायकोनं कागदाखाली धरायला जेवणाची थाळी पालथी करून दिली. सगळं इतकं सहज चाललं होतं. त्यानं पेन टेकवलं आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "काय लिवलंय यात?"

माझ्या तोंडून आलं, "काही नाही, मिळाल्याची..."

तो माझ्याकडे बघायला लागला. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मागल्या टायमाला बी तुम्ही आसंच म्हनल्या व्हत्या," तो म्हणाला. "काय नाय म्हून. बूट काय आले नाय."

बस. एवढंच. साहेबांनी अकरा माणसांसमोर माझी वही वाचायला लावली त्या दिवशी मी एवढी खाली गेले नव्हते. त्या दिवशी कमीपणा माझ्यावर टाकला होता. आज तो मी माझ्या पायानं चालत आणला होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून.  मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"थांबा रंगनाथभाऊ. वाचून दाखवते."

मी वाचलं. एक ओळ इंग्रजीत, मग तीच मराठीत. सावकाश. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं पण ऐकायला लागली. आय डिड नॉट पे अटेन्शन टू द मशीन. मी यंत्राकडे लक्ष दिलं नाही.

"लक्ष व्हतं," रंगनाथ म्हणाला. "लक्ष नसतं तर ही दोन तरी ऱ्हायली आसती का?"

मी पुढची ओळ वाचली. समजपत्राची. तो म्हणाला, "कसलं समजपत्र?" मग मी ते सांगितलं. तो बुटाचा कागद म्हणजे काय होता ते. कुणी लिहिला होता ते.  त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. तिचं स्टूल मी घेतलं होतं आणि ती उभी होती.

शेवटची ओळ वाचून झाली. मग बायको हळू आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांगा. सही दिली तर कामावर घेतील का ह्यांना?"

इथं मला हो म्हणता आलं असतं. ती हो ऐकायलाच उभी होती.

"नाही," मी म्हणाले. "सही दिली की चूक यांची ठरली. मग काम पण नाही आणि भरपाई पण नाही. सही नाही दिली तरी काम मिळेलच असं नाही. पण मग चूक कुणाची ते तरी त्यांना शोधावं लागेल."

रंगनाथनं थाळी सरळ करून बायकोच्या हातात दिली. "मंग नाय द्यायची," तो म्हणाला. "आनि ताई, त्या पाचरीचं तुम्ही बगितलंय. तुम्ही सांगाल का?"

मी हो म्हणाले.  

दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये होते.

"सही?"

"झाली नाही."

"का?"

"मी त्यांना वाचून दाखवलं."

"तुला वाचायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. टेबलावरचा फोन आपल्या मनानं बोलायला लागला तर होईल तसं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. दुसरं कुणी जाईल. तू हाच कागद पुन्हा काढ, तारीख बदलून."

"मी काढणार नाही," मी म्हणाले. "मी माझा जबाब लिहून देणार आहे. पाचर मी बघितलीय. तो मेमो पण मीच टाइप केला होता. का केला ते पण लिहीन."

"इंग्रजीत?" साहेब म्हणाले आणि हसले.

मी हसले नाही. या वेळी माझं तोंड हललं सुद्धा नाही. "मराठीत," मी म्हणाले. "सगळ्यांना कळायला पाहिजे."

त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

बाबांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा ते पाय शेकत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "स्वतःच्याच पोटावर पाय आणलास," म्हणाले. "आपण बरं, आपलं काम बरं, एवढं कळत नाही? तो दिंडोरीचा माणूस तुझा कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. आई मधे पडली नाही. बाबा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा कारखाना त्याच महिन्यात बंद पडला.

मी जबाब लिहिला. फुलस्केपची चार पानं, हातानं. सकाळी रजिस्टर पोस्टानं इन्स्पेक्टरच्या ऑफिसला पाठवला.

त्याचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला आशा लागून राहायला नको. चौकशी लांबली. चूक रंगनाथवर ढकलता आली नाही. बऱ्याच वर्षांनी त्याला भरपाई मिळाली, नोकरी मिळाली नाही. तो आता बागेत बायकोबरोबर असतो, उजव्या हातानं कात्री चालवतो आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत फांदी धरतो. साहेब दुसऱ्या, मोठ्या कंपनीत गेले. पाचर काही दिवस निघाली आणि मग पुन्हा बसली, असं मला आतल्याच एकानं सांगितलं. अंबडमध्ये मला दोन-तीन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. माझं नाव माझ्या आधी पोचायचं.

पण गेटवरचं सांगायचं राहिलं.

जबाब पोस्टात टाकून मी कामावर गेले. रोजच्यासारखी. गेटवर मला अडवलं. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचा क्लार्क बाहेर आला, हातात टाइप केलेला कागद. माझ्याच कॉम्प्युटरवर काढलेला. अक्षरावरून मला कळलं. कागद स्टेनो मॅडमनी केला असणार. दोन बोटांनी, एकेक बटण शोधत.

"ह्याच्यावर सही करा मॅडम," तो म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम म्हणाला. "काही नाही, मिळाल्याची आहे."

मी वाचला. मी माझ्या मर्जीनं नोकरी सोडत आहे. माझी कंपनीबद्दल काहीही तक्रार नाही.

"मला दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले आणि तो कागद घेऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मला वेळ नको होता. मला तीन वाजायला हवे होते.

तीनला पहिली शिफ्ट सुटली आणि दुसरी आत जायला लागली. गेटवर दोन्हीकडून माणसं. मी उठले, क्लार्कसमोर जाऊन उभी राहिले आणि कागद मोठ्यानं वाचायला लागले. आधी इंग्रजीत, एकही शब्द न अडखळता. मग मराठीत.   सायकलवाले खाली उतरले. वॉचमन पुढे आला आणि तिथंच थबकला. मी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले, "हे खोटं आहे. मी माझ्या मर्जीनं जात नाही. मला काढलंय. का काढलंय ते रंगनाथच्या हाताला विचारा." मग मी कागद घडी करून क्लार्कला परत दिला. सही केली नाही.

क्लार्क आत गेला. मला वाटलं, संपलं. मी पर्स काखेला लावली आणि वळले.

वेल्डिंगमधला एक म्हातारा कामगार समोर उभा होता. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. त्यानं शर्टाच्या वरच्या खिशातून एक कागद काढला, चार घड्या घातलेला, घामानं पिवळा पडलेला. "बाई, हा वर्षापासून खिशात हाय," तो म्हणाला. "काय लिवलंय?"

मी कागद उघडला. खाली कोपऱ्यात माझ्याच टायपिंगची खूण होती, माझ्या नावाची दोन अक्षरं. त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, कागद काढत. मग तिसरा.

त्या दिवशी टपरीच्या बाकड्यावर मी नऊ कागद वाचले. सगळे मी लिहिलेले. प्रत्येक वाचायच्या आधी मी सांगितलं की हा मी लिहिलाय. दोघं जण शिव्या देऊन निघून गेले. मी त्या ऐकून घेतल्या, त्या माझ्याच होत्या. बाकीचे थांबले.

मला कुणाची माफी मिळालेली नाही आणि मी ती मागतही नाही. मी आता एकच करते. दर शनिवारी तीन वाजता मी अंबडच्या कुठल्या ना कुठल्या गेटसमोर बसते आणि कामगार आणतील ते कागद त्यांना वाचून दाखवते. कंपन्यांना ते आवडत नाही. दोनदा पोलीस येऊन गेले. मी त्यांनाही विचारलं, वाचणं कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे, ते मला लिहून द्या. दिलं नाही. साहेब लोकांनो, तुमच्याकडे इंग्रजी आहे. माझ्याकडे पण आहे, आणि ते मी कुणाच्या टेबलासमोर उभं राहून तुमच्यासाठी पुन्हा वाचणार नाही. ज्याच्या सहीसाठी तुम्ही कागद पुढे कराल, त्याला मी तो आधी त्याच्या भाषेत सांगणार. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि तोवर पेन माझ्या हातात राहील.